अकरा पिवळ्या ओळी

सूचना अकरा ओळींची होती आणि पिवळ्या अक्षरांत होती. ऑफिसातल्या कुणीही आपलं काम सर्व्हरवर पुश केलं, म्हणजे पाठवलं, की प्रोग्रामच्या प्रती सांभाळणारं जुनं गिट ती पडद्यावर आणायचं. पुश करताना कोणत्या ब्रँच, म्हणजे कामाच्या कोणत्या शाखा, पाठवायच्या हे तुम्ही ठरवलेलं नाही. ठरेपर्यंत जुन्या रीतीने, सर्व्हरवर त्याच नावाच्या ज्या ज्या आहेत त्या सगळ्या जातील. दोन वर्षांत सगळ्यांचे डोळे थेट बाराव्या ओळीवर उतरायला शिकले होते; कोणकोणती ब्रँच गेली ते तिथून पुढे दिसायचं.

ठरवायचं होतं साहेबांनी. साहेब दर बैठकीत उजव्या गालावर हात ठेवून "बघू" म्हणत. त्या गालाआड ठणकणारी अक्कलदाढ होती. तीही दोन वर्षं "बघू"मध्येच होती. नव्या प्रोग्रामर मुलीला कायम करण्याचं पत्र तीन आठवडे सहीसाठी त्यांच्या टेबलावर पडलं होतं, आणि तिची मुदत आज संपत होती.

दुपारी तिने ऑफिसने दातांच्या दवाखान्यासाठी बनवलेल्या, पेशंटच्या पाळ्या दाखवणाऱ्या फलकातल्या एका बटणाचा रंग बदलला, आपली ब्रँच पुश केली आणि बारावी ओळ वाचली. मग तेरावी.

"ताई," ती शेजारच्या टेस्टरला म्हणाली, "माझ्याबरोबर मेन ब्रँचपण गेली."

"जाऊ दे की. तुझं काय आहे त्यात?"

"काल माझ्याकडच्या मेनमध्ये ट्रायलला एक खोटा पेशंट टाकला होता. काढायचा राहिला."

मेन ही फलक चालवणारी मुख्य ब्रँच; सर्व्हरवर तिच्यात आलेली गोष्ट पाच मिनिटांत दवाखान्याच्या फलकावर दिसायची.

"नाव काय दिलंस त्याला?"

तिने पडद्यावरची खिडकी लहान केली.

"अगं, नाव काय?"

"साहेबांचं. पूर्ण. पुढे लिहिलंय, अक्कलदाढ काढणे, तातडीचे."

ताईंनी चष्मा काढून पुसला. "आणि साहेब आत्ता फलक नीट दिसतो का ते बघायला तिथेच गेलेत."

तिने घाईघाईने तो पेशंट काढला आणि पुन्हा पुश केलं. पाच मिनिटांनी तिला आठवलं, की यादीतून नाव गेलं म्हणजे पेशंटची पाळी आली, असं फलक धरतो आणि घंटा वाजवतो. हा नियम तिनेच लिहिला होता, आणि तो चोख चालत होता.

तिने दवाखान्यात फोन लावला.

"हो, घेतलंय त्यांना आत," रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या. "फलकावर तातडीचं आलं, मग घंटापण झाली. ते नको नको म्हणत होते, पण तसं सगळेच म्हणतात."

"अहो, चूक झालीय. बाहेर काढा ना लगेच."

"कुणाला? दाढेला की त्यांना?"

"त्यांना."

"मग उशीर झाला. दाढ आधी आली."

तिने फोन ठेवला आणि टेबलाचा खण आवरायला घेतला. पेन, टाचण्या, डबा. ताई म्हणाल्या, "डबा राहू दे, साडेचारला खायचंय."

चारला साहेब आले. गाल सुजलेला, तोंडात कापूस. ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि पडद्यावरच्या अकराही ओळी वाचू लागले, एकेक करून. वाचून झाल्यावर आपल्या टेबलाशी गेले, पत्रावर सही केली आणि ते तिच्या उघड्या खणात ठेवलं. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की त्यांचा हात गालावर नव्हता.

"साहेब, दुखतंय का फार?" ताईंनी विचारलं.

साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. दोन वर्षांनी प्रथमच दुखत नव्हतं, याचं त्यांनाच नवल वाटत असावं. मग त्यांनी कापूस काढून रुमालात गुंडाळला आणि ऑफिसभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"यापुढे सगळ्या नाही पाठवायच्या. ज्या ब्रँचवर आपण आहोत, तेवढीच."