सूनबाईंचा सपाट उतार

सासरे रविवारी दवाखान्यातून घरी येणार होते, तेही चाकाच्या खुर्चीवर. त्यांची एकच अट होती, "मला कुणी उचलायचं नाही. माझ्या घरात मी माझा जाईन." आणि दारापुढे तर दोन पायऱ्या!

"उतार मी करते," सूनबाई म्हणाल्या. त्या काँक्रीटच्या प्रयोगशाळेत होत्या. कुणी हातही लावत नाही अशा चपट्या, ठिसूळ खडीपासून त्यांनी काँक्रीट बनवलं होतं. ते ठोकावं, दाबावं लागत नसे. आपलं आपण पसरून कोपरान्‌कोपरा भरत असे. चाचणीचा गाडीभर माल उरलाच होता.

"टाकाऊ दगड माझ्या दारात?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही बघाच."

बुधवारी काँक्रीटच्या गाडीवाल्याने रस्त्यावरूनच माल ओतायची पन्हळ अंगणात सोडली. सूनबाईंनी थापीने झकास उतार काढला. तो क्षणभर उभा राहिला आणि निवांत सपाट झाला. पुन्हा वर ओढला, पुन्हा सपाट. आपलं आपण पसरणारं काँक्रीट उतारावर टिकत नसतं, हे जगाला शिकवणाऱ्या बाईंना आत्ता आठवलं.

माल कडेला लावलेल्या फळ्यांखालून निसटला, सासूबाईंच्या चपला गिळून फाटकाकडे निघाला.

"अगं, अडव त्याला!"

"ते अडत नाही आई, हाच तर त्याचा गुण आहे!"

"हा गुण? मग अवगुण काय असतील!"

"बाई, बंद करू का?" गाडीवाला ओरडला.

सूनबाई रडकुंडीला आल्या. वर्षानुवर्षं डांबराच्या नव्या नव्या थरांनी रस्ता उंच होत गेला होता आणि अंगणाचा पार खड्डा झाला होता. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा उंबऱ्याकडे. दोन्ही एकाच पातळीवर होते.

"थांबू नका, सगळा ओता!"

संध्याकाळपर्यंत अंगण उंबऱ्याइतकं भरलं आणि पायऱ्या नाहीशा झाल्या. फाटक मात्र जागच्या जागी रुतलं, ते कापून काढावं लागलं.

रविवारी सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी चाकं फिरवली. रस्ता, अंगण, उंबरा, थेट घरात. कुणाचं बोटही लागलं नाही.

"पोरी, फार उपकार केलेस गं," ते म्हणाले. सासूबाईंनी डोळे पुसत सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

तेवढ्यात खुर्ची गर्रकन वळली. "जरा चौकात जाऊन येतो."

"अहो, आत्ताच तर आलात!"

खुर्ची रस्त्याला लागलीसुद्धा. सासूबाई सुनेकडे वळल्या, "हुशार आहेस हो. आता ह्यांना घरात थांबवणारं काहीतरी बनव."