सुरक्षापेटीची सुरक्षा

रक्षण करणाऱ्याचं रक्षण आधी करावं लागतं, हे सरकारी कामकाजाचं मूळ तत्त्व आहे. पहारेकऱ्याला छत्री मिळेपर्यंत पहारा सुरू होत नाही, आणि मिळाली की ती भिजू नये म्हणून तो आडोशाला उभा राहतो.

धानोऱ्याच्या वनउपज खरेदी कार्यालयात २००६ साली फायरवॉल आली ती याच तत्त्वाने. फायरवॉल म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. इंटरनेटमधून चोर आणि व्हायरस संगणकात शिरू नयेत म्हणून ती वाटेत बसते. (आत दोन संगणक होते. हिरड्याचे आणि मोहफुलांचे आकडे चोरायला कोण येणार, हा प्रश्न सुरक्षेच्या कक्षेबाहेरचा होता.)

पेटी बसवून घ्यायचं काम कनिष्ठ लिपिक धनराजकडे आलं. धनराज वडशाचा. तिकडच्या झाडीपट्टी नाटकांत तो खलनायक करायचा. धानोऱ्याला नोकरी लागली आणि तोंडाचा रंग सुटला. त्याला वडशाला बदली हवी होती, अगदी जीव जाईल इतकी हवी होती. "अपघात न होता पेटी बसवून दाखवा, तुमचा अर्ज वर पाठवतो," साहेब म्हणाले. नाटकांचा हंगाम दिवाळीनंतरचा आणि पेटी आली जूनमध्ये. धनराजने मनातल्या मनात मिशी चिकटवली.

पेटी बसवायला चंद्रपूरहून वहाब आला. "अर्ध्या तासाचं काम हाये, धनराजभाऊ. बत्ती हिरवी झाली का खतम." एवढं बोलून त्याने एकच चूक केली. पेटीसोबतची खबरदारीची पुस्तिका साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी ती वाचली. सगळ्या नोकरीत शेवटपर्यंत वाचलेलं त्यांचं हे पहिलंच पुस्तक असावं.

विजा कडाडत असताना पेटीला हात लावू नये, असं त्यात होतं. त्यामुळे पावसाळा गेला. काम करताना अंगावर धातू नसावा, असंही होतं. साहेबांच्या बोटात शनीसाठी घेतलेली अंगठी होती आणि शनी पुस्तिका मानत नसल्यामुळे देखरेख त्यांनी शेजारच्या खोलीतून केली. काम करण्याआधी वीजपुरवठा बंद असावा, हा नियम मात्र कार्यालय अनेक वर्षं दिवसातून दोनदा पाळत आलं होतं. (चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरचं मोठं वीज केंद्र आपल्याच भागात असल्याचा अभिमान लोक अंधारात बसून बाळगत.)

मग अर्थिंग. अंगणात खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ भरलं, आणि ओल राहावी म्हणून मुखरू शिपाई रोज बादलीभर पाणी ओतू लागला. चौथ्या दिवशी तो धनराजकडे आला.

"भाऊ, गाई येऊन राह्यल्या ना. मीठ चाटून राह्यल्या."

"हाकल ना मंग."

"हाकलतो. पर त्याहिले आता चव लागली."

म्हणून खड्ड्याला कुंपण घातलं. कुंपणाच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून डांबर लावलं. डांबर वाळेपर्यंत दिवाळी झाली.

अखेर मुखरूने आणि लालसू चौकीदाराने पेटी उचलली, कारण एकट्याने उचलू नये असं छापलं होतं. पेटी भिंतीवर चढली. धूळ-ओलीपासून जपावी या नियमानुसार वरचं प्लास्टिक तसंच ठेवलं. नारळ बाहेर फोडला. चंद्रपूरहून पुन्हा आलेल्या वहाबने पिन सॉकेटकडे नेली तोच शेजारच्या खोलीतून साहेबांचा आवाज आला.

"थांबा. पुस्तिकेतले सगळे धोके वीज जोडल्यावरचे आहेत."

वहाबने पिन खाली ठेवली. वीज जोडली नाही.

पेटी अपघाताविना बसली. अपघात शून्य, व्हायरस शून्य, इंटरनेटही शून्य, अशी कामगिरी जिल्ह्यात दुसऱ्या कार्यालयाला जमली नव्हती. साहेबांनी शब्दाप्रमाणे धनराजचा अर्ज वर पाठवला आणि खाली शेरा मारला: 'इतका दक्ष कर्मचारी पेटीच्या देखभालीसाठी येथेच आवश्यक.'

धनराजला रडू आलं. वडशाच्या नाटक कंपनीने निरोप धाडला होता की खलनायक आठवडाभरात आला नाही तर नाटकात त्याच्या भावाचं काम करणाराच दोन्ही भूमिका करेल.

दुपारी साहेब जेवायला गेले तेव्हा धनराज उठला. त्याने टराटरा प्लास्टिक फाडलं आणि पिन खुपसली. काहीतरी फुटावं, जळावं, अशी त्याची मनापासून इच्छा होती. बत्ती हिरवी झाली. दोन्ही संगणकांवर इंटरनेट सुरळीत चालू लागलं.

"हे तं चालते ना भाऊ," मुखरू हळूच म्हणाला.

साहेबांनी परत आल्यावर पाहिलं आणि ते खुर्चीत बसले. विनापरवाना प्लास्टिक काढणे, हा गुन्हा नियमांत नव्हता. तो घालण्यात आला. धनराजची शिक्षा म्हणून तातडीने बदली झाली. रिकामी खुर्ची एकाच गावी होती, वडशाला. धनराजने खाली मान घालून आदेश घेतला. खलनायकाला एवढा अभिनय येतोच.

नवीन लिपिकाने पिन काढली आणि पेटीला नवं प्लास्टिक घातलं. ती अजून सुरक्षित आहे.

तुम्हाला हसू आलं असेल तर खुशाल हसा. फक्त त्याआधी घरातल्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक तेवढं काढून या.