विल्मारची मेमरी

रविवारी दुपारी विल्मारने काँप्युटरचं बटण दाबलं, तर आतला पंखा फिरला, पडदा काळाच राहिला आणि डबा टूंऽ टूंऽ करून ओरडायला लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. विल्मारचा जीव खालीवर झाला. बायको निल्दा गेल्यापासून साल्तो गावात त्याच्याशी आपणहून बोलणारं कुणी उरलं नव्हतं. लेक स्वीडनला, मारियेला तिचं नाव; ती रविवारी या पडद्यावर भेटायची. फोनवर आवाज आला असता, पण चेहरा कुठून येणार?

त्याने दुकानदाराला फोन लावला. झोपमोड झालेला दुकानदार जांभई देत म्हणाला, मेमरी गेली असेल. वीज बंद करा, आतल्या मेमरीच्या दोन पट्ट्या काढा, त्यांची सोनेरी कड खोडरबराने हलकी घासा आणि एकेक लावून बघा.

घरात खोडरबर कुठलं? शेजारच्या ओंदिनाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. भिंतीला भिंत असूनही त्यांच्याशी बोलणं नमस्कारापुढे कधी सरकलं नव्हतं.

"खोडरबर आहे का हो?" विल्मारने दारातूनच विचारलं. "मेमरी गेलीय."

बाईंनी त्याला निरखून पाहिलं. "केव्हापासून?"

"आजच. काल चांगली होती."

"मग खोडरबराने काय करणार?"

"घासणार."

बाईंनी वाद घातला नाही. खोडरबर त्याच्या हातात ठेवलं आणि तो वळताच तडक वरचा मजला गाठला.

विल्मारने पहिली पट्टी घासून बसवली. डबा ओरडला. ती काढतोय तोवर ओंदिनाबाई पुचेरो रश्श्याचं वाफाळतं पातेलं घेऊन हजर. मागे एक टकले गृहस्थ.

"यांना ओळखता ना?" बाईंनी हळुवारपणे विचारलं.

विल्मारने आठवून पाहिलं. डोक्यावर रोज वाजणारी पावलं या माणसाची असतील, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. "नाही बुवा," तो म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. टकल्या गृहस्थांनी डोळे पुसले. हे सगळं कशासाठी, ते विल्मारला कळेना. पण गरम मांस-बटाटे कुणी पुढ्यात ठेवून कितीतरी काळ लोटला होता, म्हणून तो मुकाट्याने जेवला. मग दुसरी पट्टी घासून बसवली, आणि पडदा उजळला.

मारियेला दिसली, तोच ओंदिनाबाई मध्ये घुसल्या. "पोरी, मन घट्ट कर. तुझ्या बाबांची मेमरी गेलीय."

आता कुठे विल्मारच्या डोक्यात प्रकाश पडला. सांगायला त्याने तोंड उघडलं. एरवी बोलता बोलता घड्याळाकडे बघणारी मारियेला पडद्याला नाक लावून त्याच्याकडे पाहत होती.

"बाबा, मी कोण, सांगा बरं."

विल्मारने तोंड मिटलं. हातातली बिघडलेली पट्टी टेबलावर ठेवली. खुर्ची पुढे ओढली.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला. "तू बस निवांत."