अंगठ्यापायी संन्यास

ढुंढिराजशास्त्र्यांच्या उजव्या पायाचा अंगठा दुखत होता. बनारसमध्ये माणसाचं दुसरं काहीही दुखावं, पण पायाचा अंगठा दुखू नये. इथे भेटेल तो आधी वाकतो आणि मग बोलतो. त्यात शास्त्रीबुवांनी चाळीस वर्षं पाठशाळेत व्याकरण शिकवलेलं. मंगला गौरी मोहल्ल्यातल्या घरून बालाजी घाटापर्यंत जायचं म्हटलं, तर वाटेत नऊ विद्यार्थी पाया पडत आणि त्यांतले सात तरी नेमका तोच सांधा चेपत.

डॉक्टरांनी एक्सरे पाहून सांगितलं, हा झिजेचा संधिवात आहे, जाणार नाही, पण सांभाळलात तर मुकाट राहील. पुढून रुंद, कडक तळव्याचे बूट घाला, बोटांनी टॉवेल ओढायचा व्यायाम करा, कोमट पाण्यात पाय ठेवा आणि सूज उतरेपर्यंत अंगठ्याला कोणाचा हात लागू देऊ नका. शास्त्रीबुवांनी सगळं निमूट कबूल केलं. पंधरा दिवसांवर बकुळचं लग्न होतं. एकुलत्या एका लेकीचं कन्यादान आपल्या पायांवर उभं राहून करायचं, एवढीच इच्छा त्यांनी मनात धरली होती.

पण दुसऱ्याच दिवशी यज्ञेश नावाचा जुना विद्यार्थी वाकला आणि शास्त्रीबुवांनी विंचू दिसावा तसा पाय मागे घेतला. आपलं काय चुकलं, या विचारात तो बिचारा दोन दिवस जेवला नाही. तेव्हा पद्माबाईंनी तोड काढली. गच्चीवर उन्हात खुर्ची मांडली, नवऱ्याचे पाय टबातल्या कोमट पाण्यात सोडले, वरून सत्कारात मिळालेली भगवी शाल टबासकट पांघरली आणि पुढ्यात पाटावर त्यांच्या जुन्या खडावा ठेवल्या. ज्याला नमस्कार करायचा त्याने तिथे डोकं टेकावं आणि घरी जावं, असं त्यांनी जिन्यातूनच सांगायला सुरुवात केली.

माघातलं ऊन होतं. गंगेवरचं धुकं निम्म्यावर विरघळलं होतं आणि कुठल्या तरी नावेचं वल्हं झोपेत कूस बदलल्यासारखं वाजत होतं. पोटऱ्यांपर्यंत ऊब चढत गेली आणि शास्त्रीबुवांचे डोळे मिटले. स्वप्नात ते घाटाच्या पायऱ्या उतरत होते. एकही पायरी टोचत नव्हती. पायऱ्या संपल्या तरी ते पाण्यावरून तसेच चालत राहिले आणि समोरच्या तीरावरची वाळू हळूहळू जवळ येत राहिली. इतकं सुख त्यांना वर्षभरात लाभलं नव्हतं.

तेवढ्यात यज्ञेश आला. खडावा, भगवी शाल आणि गुरुजींचा चेहरा पाहून त्याने हळूच विचारलं, "गुरुजी, कसं वाटतंय?"

"हलकं," शास्त्रीबुवा डोळे मिटूनच म्हणाले. "पाय जमिनीला लागतच नाहीत रे."

यज्ञेश चवड्यांवर जिना उतरला. गुरुजींनी पाय का मागे घेतला, हे त्याला आता लख्ख कळलं होतं. संन्यास घेतला म्हणायला काशीत यापेक्षा जास्त पुरावा लागत नाही. तिसऱ्या दिवशी खडावांवर झेंडूच्या माळा चढल्या. शेजारची ऋता दूध ठेवून गेली. शास्त्रीबुवांना झोपेत झेंडूचा वास आला आणि स्वप्न आणखीच रंगलं. लोक पद्माबाईंना हात जोडून "धन्य आहात" म्हणत. दिवसातून चार वेळा पाणी तापवायचं म्हणजे धन्य म्हणायलाच हवं, असं त्यांना मनापासून वाटलं.

चौथ्या दिवशी इंदूरहून धाकट्या दिराचा, दिनानाथाचा फोन आला. तो रडत होता. "दादानं मला विचारलं पण नाही, वहिनी. व्याह्यांचा फोन होता. संन्याशाला कन्यादान करता येत नाही, मतलब आता मीच उभं राहायचं म्हणाले."

पद्माबाई धावत गच्चीवर गेल्या आणि नवऱ्याला गदागदा हलवलं. शास्त्रीबुवा पाण्यावरून थेट खुर्चीत येऊन आदळले. पद्माबाईंनी सगळं सांगितलं. ज्या कन्यादानासाठी त्यांनी पाय जपला, ते त्या पायापायीच हातचं चाललं होतं.

तोच रेल्वेतून निवृत्त झालेले व्याही, विश्वेश्वरराव, भिंतीला धरत एकेक पायरी चढून वर आले आणि दुरूनच हात जोडून उभे राहिले.

"अहो, संन्यास नाही, संधिवात आहे," शास्त्रीबुवा काकुळतीला येऊन म्हणाले.

"खरा विरक्त कबूल करत नसतोच," विश्वेश्वरराव नम्रपणे म्हणाले.

"विरक्त?" पद्माबाई पुढे झाल्या. "सकाळीच वरणात मीठ कमी म्हणून ताट सरकवलं यांनी."

"कमी नव्हतं. नव्हतंच."

"मग मागायचं. जीभ तर नाही ना सुजली?"

पुढे बरंच झालं. वरणावरून गाडी पद्माबाईंच्या माहेरावर गेली, तेव्हा कुठे विश्वेश्वररावांची खात्री पटली. पद्माबाई तणतणत चहा टाकायला खाली गेल्या. शास्त्रीबुवांनी शाल बाजूला करून अंगठा पाण्याबाहेर काढला. विश्वेश्वररावांनी तो बराच वेळ न्याहाळला. मग दुसरी खुर्ची ओढली, बूट काढले, मोजे काढले. त्यांचा अंगठा शास्त्रीबुवांच्या अंगठ्याचा सख्खा भाऊ शोभला असता.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "घरी बोललो नाही. आत्तापासून म्हातारा ठरवतील."

त्यांनी शास्त्रीबुवांच्या पायांशेजारी आपले पाय टबात सोडले. ऊब पोचली तसा त्यांचा चेहरा सैल झाला. दोघं व्याही वाळूकडे बघत बसले.

"शास्त्रीबुवा, आमची एक अट आहे," विश्वेश्वरराव म्हणाले.

मुलीचा बाप खुर्चीत सावरून बसला.

"लग्नात कुणी कुणाच्या पाया पडायचं नाही. साडेतीनशे पाहुणे आहेत."

"मान्य," शास्त्रीबुवा घाईघाईने म्हणाले. "आणि कन्यादान?"

"तुम्हीच करायचं. दुसरं कोण करणार?"

बकुळ नेमकी तेव्हाच वर आली होती. इंदूरचा फोन आल्यापासून तिने तोंडात धड घास घेतला नव्हता. आनंदात तिला डॉक्टर आठवला नाही की अंगठा. ती धावत आली, टबापाशी गुडघे टेकले आणि पाण्यात दोन्ही हात घालून हाताला आले ते पाय घट्ट धरले. एक बापाचा होता, एक सासऱ्याचा. दोघांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"रडता काय, बाबा?" बकुळ हुंदका गिळत म्हणाली. "इथेच शिवपूरला तर असणार आहे मी. आणि काका, तुम्ही पण?"

दोघांनी मान हलवली आणि तिच्या डोक्यावर एकेक हात ठेवला. पाय मात्र कोणीच मागे घेतला नाही.