शिक्षणप्रेमी हबीबचाचा

हबीबचाचा कुठेही गेले की आधी माणसं मोजतात. समोर असलेली नव्हे, तिथे बसू शकतील अशी. डॉक्टर त्यांच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळत असतात आणि चाचा खोलीवर नजर फिरवून सांगतात, "आठ. टेबल काढला तं बारा." बँकेत गेले की, "साठ. पन मॅनेजरचं काचघर पाडा लागन." एकदा आम्ही एका घरी भेटायला गेलो होतो. म्हातारे आजोबा वारले होते, बाया रडत होत्या. चाचा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मॅडम, पडवी धरून दीडशे. वाढप्याले रस्ता सोडून." मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं मला फार वाईट वाटलंय.

रोहिणखेडच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं गाव आहे, आणि गावात शिरताच त्यांचं बिछायत केंद्र. लग्नाला, तेरवीला, नेत्याच्या सभेला सतरंज्या, कनाती, खुर्च्या, भांडी इथूनच भाड्याने जातात. आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत एक शिक्षणप्रेमी सदस्य घ्यावा लागतो. कोणी तयार होईना तेव्हा चाचांनी हात वर केला आणि आठवड्याच्या आत दुकानाची पाटी नवी रंगवून घेतली. नावाच्या आधी मोठ्या लाल अक्षरांत 'शिक्षणप्रेमी'. स्वतः तिसरीपर्यंत शिकलेले. पण पाटीकडे बघून एकदा तरी दाढीवरून हात फिरवल्याशिवाय ते शटर उघडत नाहीत.

माझा वर्ग चौथीचा. एका रविवारी छताचा मोठा पोपडा फळ्यासमोर येऊन पडला. रविवार होता म्हणून बरं. इंजिनिअर आले, खोली धोकादायक ठरवून गेले. नवी खोली मिळायची तर आधी जुनी पाडायची परवानगी, मग प्रस्ताव, मग मंजुरी, मग निधी. तोवर पोरांना बसवायचं कुठे? समितीच्या बैठकीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चाचा म्हणाले, "गोदाम हाये ना माहं. कशाले इचार करून राह्यले?"

पहिल्या दिवशी मी गोदामात पाय ठेवला आणि थक्क झाले. चाचांनी पोरांना पंगतीसारखं बसवलं होतं. दोन ओळी, समोरासमोर. फळ्याकडे एकाचंही तोंड नाही.

"चाचा, यांना फळा कसा दिसेल?"

"आमने-सामने बसलं का मानूस पोटभर जेवते, मॅडम."

"जेवायचं नाही हो, शिकायचंय."

"एकच गोष्ट हाये ते."

आठवडाभर मी रोज पोरांना फळ्याकडे वळवत होते आणि मी मधल्या सुट्टीत बाहेर गेले की चाचा पुन्हा समोरासमोर करून ठेवत होते. शेवटी मी जिंकले. खुर्चीच्या बाबतीत मात्र हरले. नवरदेवाची लाल मखमली, सिंहाच्या हातांची खुर्ची सोडून दुसरी त्यांनी मला बसायला दिली नाही. "शिकवनाऱ्याचा मान असते," म्हणे. त्या खुर्चीत बसून मी अपूर्णांक शिकवले आहेत.

चाची गेल्यापासून चाचा एकटेच. मुलं सुरतला, ईदेला फोन येतो. गोदामामागच्या घरात दिवसभर काही वाजत नाही. वर्ग भरायला लागला तसे चाचा सकाळी सकाळी अंघोळ करून, दाढी नीट कातरून, भाताच्या एका पालथ्या मोठ्या गंजावर येऊन बसू लागले. पोरांबरोबर तेही पाढे म्हणत. सतराच्या पाढ्यात अडकले की प्रज्ञा त्यांना पुढचा आकडा सांगायची. चुणचुणीत पोरगी, चाचांचा तिच्यावर विशेष जीव. खिशातली खारकेची पुडी बाहेर निघाली की पहिली खारीक तिची.

मग एक दिवस वरून एक साहेब पाहणीला आले. चाचांना काय करू नि काय नको असं झालं. साहेबांना नवरदेवाच्या खुर्चीत बसवलं, लग्नातला मोठा पंखा लावला, बदाम घातलेला शिरा समोर ठेवला. पोरांनी स्वागतगीत म्हटलं. साहेब खूश झाले. म्हणाले, "मॅडम, तुमची सोय तर फारच छान आहे. निधी थोडा असतो. जिथे मुलं उघड्यावर बसतात त्यांना आधी द्यावा लागतो. तुमचा नंबर लागेल, दोन-चार वर्षांनी."

चाचा शिऱ्याची दुसरी बशी घेऊन उभे होते. ती तशीच घेऊन आत गेले.

सोमवारी गोदामाला कुलूप. पोरं दप्तरं घेऊन दारात उभी. प्रज्ञा म्हणाली, "चाचा, आमी कुठी बसाचं?"

"मले काय माहीत? लग्नाचे दिवस हायेत, गोदाम पायजे मले," चाचा तिच्याकडे न बघता म्हणाले.

मी त्यांना बाजूला घेतलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "मॅडम, माह्या शिऱ्यानं घात केला. पोरं उघड्यावर दिसली पायजेत. पन त्याइले सांगू नोका. लहान लेकरं हायेत, सायबापुढं बोलून जातीन."

"चाचा, पोरं तुमच्याशी बोलणार नाहीत."

"हाव. खोली तं भेटन."

पोरं खरंच बोलेनाशी झाली. गाव तर बोलून बोलून थकलं. लग्नाच्या भाड्यापायी लेकरं बाहेर काढली, असला कसला शिक्षणप्रेमी, असं चावडीवर चाललेलं चाचा चहा पीत ऐकायचे. प्रज्ञा समोरून आली तर रस्ता बदलायची. ते मात्र त्यांना चहाबरोबर गिळता यायचं नाही.

शाळेच्या मैदानात कडुलिंबाची दोन झाडं होती, पण दुपारी सावली भिंतीपलीकडे जायची. त्याच आठवड्यात चाचा एक ओली कनात घेऊन आले आणि दोन्ही झाडांच्या मध्ये, नेमकी पोरांच्या डोक्यावर, बांधली. "वाळाले टाकली. माह्या आंगनात ऊन नाई," असं मोठ्याने म्हणाले. त्यांच्या अंगणात ऊन नाही हे आमच्या जिल्ह्यात फेब्रुवारीत सांगायला छाती लागते. दुसऱ्या दिवशी तीच कनात पुन्हा ओली. तिसऱ्या दिवशीही. एवढी धुतलेली कनात मी आयुष्यात पाहिली नाही. पोरं कुरकुरायची, "आता आपल्या डोक्यावर कपडे वाळवून राह्यला." मी खाली मान घालून हजेरी घ्यायचे. खरं सांगते, त्या दिवसांत मला स्वतःचा राग यायचा.

पोरं उघड्यावर आल्याचं शाळेने वर कळवलं होतं. साहेबांची गाडी फाट्यावर दिसली त्या दिवशी चाचा मोपेडवरून सुसाट आले, कनात सोडली, गुंडाळली आणि भिंतीआड जाऊन बसले. साहेबांनी रणरणत्या उन्हात पोरं पाहिली, घाम पुसत लोकेशनसकट फोटो काढले. मार्च संपायच्या आत खोली मंजूर झाली.

बांधून व्हायला पुढचा हिवाळा उजाडला; पावसाळ्यात पोरं दुसऱ्या वर्गांत दाटीवाटीने बसली, आणि खोली पुरी होईस्तोवर त्यांना काही सांगू नका असं चाचांनी मला बजावलं होतं. चौथीची पोरं आमच्याच शाळेत पाचवीत गेली होती, ती त्या खोलीत बसली. बाक आले नव्हते, म्हणून चाचांनी नव्या कोऱ्या सतरंज्या पाठवल्या. उद्घाटनाचा मंडप बांधायलाही ते स्वतः आले, फुकट. भाषणं झाली, पाहुणे गेले, चाचा बाहेर दोर सोडायला लागले. मला राहवलं नाही. दार लोटून मी पोरांना सगळं सांगितलं. शिरा, कुलूप, सगळं.

मग प्रज्ञानं विचारलं, "मंग ते कनात?"

"रोज मुद्दाम भिजवायचे."

तेवढ्यात दार किलकिलं झालं. ज्यांच्या गोदामात आम्ही न विचारता शिरत होतो ते चाचा टोपी सारखी करत उंबऱ्याबाहेर उभे होते. "मॅडम, अंदर येऊ काय? खोली पाहाची होती जरा."

मी काही म्हणायच्या आत प्रज्ञा बाजूला सरकली. तिच्यामुळे अख्खी ओळ सरकली. "इथी बसा, चाचा," ती म्हणाली.

चाचा तिच्या शेजारी मांडी घालून बसले, आणि मान वर न करता किती तरी वेळ सतरंजीची आधीच सरळ असलेली किनार सरळ करत राहिले.