वाटाण्यांची मोजणी

मोजणीसाहेबांना वाकडी ओळ सहन होत नसे. सगळी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेली. निवृत्तीनंतर शेताच्या तुकड्यावर राहायला आले, तरी जेवताना पानातल्या चपात्यासुद्धा काटकोनात ठेवत.

पावसाळा ओसरला, माती मऊ झाली, तशी त्यांच्या बायकोने एक छोटी पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. "बाबांच्या परसातले वाटाणे आहेत. बाबा गेले, परस गेलं, उरलेत ते एवढेच. मी ताईकडून येईपर्यंत पेरून ठेवा. आणि अहो, जपून."

साहेबांनी वाफा केला, खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली. दोरी ताठ राहावी म्हणून टोकाला वजन हवं होतं. दगड आजूबाजूला पुष्कळ होते, पण एकही त्यांच्या मनाला येईना. हातातली पुरचुंडी मात्र वजनाला अगदी बेताची होती. त्यांनी ती दोरीला बांधली आणि एक डोळा मिटून ओळ बघू लागले.

गोठ्यातली शेळी त्याच वेळी वाफा बघायला आली. शिंगात दोरी अडकली, खुंट्या उपटल्या आणि ती जी बिथरली, ती थांबेचना. पुढे शेळी, मागे उड्या मारणारी पुरचुंडी, तिच्यामागे गमबूट घातलेले साहेब. विहिरीला वेढे झाले, कपड्यांच्या दोरीखालून दोघं गेली, कुंपणाच्या कडेने परत आली. गोठ्यापाशी पुरचुंडी हाती लागली तेव्हा तिला भोक पडलेलं होतं आणि आत काहीच नव्हतं. वेचायला वाकले, तर वाटाणे त्यांच्याच बुटांनी चिखलात गाडलेले. वरून पाऊस आला.

आता वाटाणे कुठेही असू शकत होते, म्हणजे कुठेच पाय ठेवायची सोय नव्हती. त्यांनी कोंबड्या कोंडल्या, शेळी बांधली, माळ्यावरच्या फळ्या काढून दारापासून फाटकापर्यंत टाकल्या.

सकाळी शेजारचा दूधवाला आला. "साहेब, दूध कुठं ठेवू?"

"फाटकावरच. आत पाऊल टाकू नका."

त्याने फळ्या पाहिल्या, खुंट्या पाहिल्या. "मोजणी चाललीय का?"

"तसंच समजा."

दूधवाला विचारात पडून गेला. दुसऱ्या दिवशी साहेब पाहतात तो त्याचं कुंपण हातभर मागे सरकलेलं. साहेब कधी त्याबद्दल बोललेसुद्धा नव्हते. त्यांना अजूनच चोरट्यासारखं झालं.

बायको परतली ती फळ्यांवरून तोल सावरत. "अहो, बाबांचे वाटाणे पेरलेत ना?"

"सगळे. एकही शिल्लक नाही."

"कुठे?"

"आपल्याच जमिनीत."

ती रोज फळ्यांवरून कपडे वाळत घालताना त्यांच्याकडे बघे. साहेबांचं जेवणात लक्ष लागेना. रोज उठून ते फळीवर उकिडवे बसत आणि मातीकडे टक लावून पाहत. माती नुसती माती होती.

मग एका सकाळी तिची हाक आली. "अहो, बाहेर या."

साहेब दारातच थबकले. कोवळ्या उन्हात जमिनीतून हिरवे कोंब वर आले होते, मान वाकवून, डोक्यावर मातीचे कण घेऊन. वाफ्यातून निघून विहिरीभोवती फिरून, कपड्यांखालून, दूधवाल्याने सोडलेल्या हातभर जागेच्या कडेने थेट गोठ्याच्या दारापर्यंत. इतकं सुंदर काही साहेबांनी उभ्या आयुष्यात मोजलं नव्हतं. भीती बाजूलाच राहिली, त्यांनी आ वासला.

बायको फळीवर बसली. बराच वेळ ती त्या हिरव्या वाटेवरून नजर फिरवत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"बाबांचे पण असेच यायचे," ती म्हणाली. "अंगणभर. आई विचारायची, तर म्हणायचे, सगळे पेरले, एकही शिल्लक नाही."

"असे कसे पेरायचे ते?"

"त्यांचीही एक शेळी होती."

साहेब आत गेले, खुंट्या आणि दोरी घेऊन आले. वाटाणे जिथे वळले तिथे खुंटी ठोकत, दोरी वळवत ते विहिरीपर्यंत पोचले. जन्मात पहिल्यांदा त्यांना वाकडी ओळ बरोबर वाटत होती.

"ओळ नंतर आखा," बायको गोठ्याकडे बघत म्हणाली. "आधी शेळीची गाठ बघा. सुटतेय."