काशीनानांचा उतार

कुठल्याही नव्या गावाचं नाव निघालं की काशीनाना एकच प्रश्न विचारायचे, "उतार हाय का?"

तिथं पाणी आहे का, शाळा आहे का, माणसं कशी आहेत, हे सगळं त्यांच्या लेखी नंतरचं. उतार असला तर गाव चांगलं. नसला तर तिथं सोयरीक नको, भाडं नको, चहासुद्धा नको. कारण त्यांच्या ट्रकचा सेल्फ कधीच मेला होता. चावी फिरवून सुरू व्हायचं असतं हे ती गाडी पार विसरून गेली होती. तिला उतारावर लावायची, चाकापुढं दगड ठेवायचा आणि निघताना तो काढायचा. गाडी घरंगळायला लागली की दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा. मग ती आधी खोकायची, मग अंगभर थरथरायची आणि सगळ्या आळीवर काळा धूर सोडून चालू व्हायची. माझी बायको तोवर दोरीवरचे कपडे गोळा करून आत गेलेली असायची.

आमचं गाव कर्जत-खोपोली रस्त्यापासून जरा आत आहे. नानांच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये एक शेवग्याचं झाड, बाकी आडोसा नाही. मी खोपोलीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून. आमच्या दोघांच्या घरांपुढूनच तो प्रसिद्ध उतार सुरू होतो आणि खाली विहिरीपाशी सपाटीला लागतो. नानांनी घर बांधताना जागा म्हणे त्या उतारासाठीच घेतली. पूर्व कुठली, पश्चिम कुठली, हे त्यांनी घरभरणीला भटजींनी विचारल्यावर पाहिलं.

गाडी जुनी म्हणजे किती जुनी, ते नानाही सांगत नसत. नाक पुढं आलेली, लाकडी बॉडीची. वीट, भाताचा पेंढा, मांडवाचे बांबू, जे मिळेल ते वाहिलं तिनं. तिचे निम्मे भाग आता मूळचे राहिलेले नाहीत. दाराच्या मुठीच्या जागी संडासाच्या दाराची कडी. काच वर घ्यायला पक्कड. एक गॅस्केट तर त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच जुन्या चपलेतून कापून काढलं आणि वर मला म्हणाले, "चप्पल चांगली व्हती हां दिलीपभाऊ, टाकली कशाला?" रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं, ऑइलची पट्टी काढून बाहीला पुसायची, मग काठीनं एकेक टायर वाजवून कान देऊन ऐकायचं. ही पूजा झाल्याशिवाय तोंडात चहा घ्यायचे नाहीत.

एकदा आम्ही काही जण माथेरानला गेलो होतो. लोक दरी बघत होते, घोडे बघत होते. नाना रस्त्याच्या मधोमध उभे राहून हळहळत होते. "काय उतार हायत रं एकेक! आन् गाडीला बंदी! सगळा उतार फुकट गेला." परत येईपर्यंत त्यांचं मन काही लागलं नाही.

मुलासाठी, प्रकाशसाठी, पोशीरची मुलगी बघायला गेले, तेव्हाची गोष्ट तर आमच्या गावात अजून सांगतात. पोशीरला सगळी भातखाचरं, जमीन ताटासारखी. नाना वेशीवरच म्हणाले, "नाय जमायचं. गाडी लावनार कुठं?" शेवटी त्यांच्या बायकोनं, सुगंधावहिनींनी, तोड काढली. गाडी बंदच करायची नाही. मग मुलीच्या दारात ट्रक तासभर चालू उभा. पोह्यांच्या बश्या थरथरत होत्या आणि मुलीला नाव विचारलं तर ते कुणाला ऐकू येईना. तिनं शेवटी ओरडून नाव सांगितलं. सुगंधावहिनी लगेच म्हणाल्या, "आवाज खणखणीत हाय. आपल्या घरात चालंल." लग्न जमलं.

नानांना सगळ्यात जास्त अभिमान होता तो एका गोष्टीचा. "आपन कुनाचा धक्का घेत नाय." हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी टाकायचेच. दुसऱ्या कुणाची गाडी बंद पडली, चार माणसं मागून रेटताना दिसली, की नाना मुद्दाम थांबून बघायचे आणि मान हलवायचे. ज्याला आपली गाडी कुठं लावावी कळत नाही, त्यानं लोकांना हाका माराव्या, असं त्यांचं मत होतं. मला त्यांच्या या तोऱ्याचा राग यायचा. खोटं कशाला बोलू.

पण ते कुणाचा धक्का घेत नव्हते, ते सुगंधावहिनींच्या जिवावर. चाकापुढचा दगड काढायच्या त्या. हँडब्रेक गेलेला, म्हणून नानांना पाय ब्रेकवरून उचलता यायचा नाही. नाना ब्रेक दाबून बसायचे, वहिनी दगड ओढून बाहेर काढायच्या आणि म्हणायच्या, "निघाला, सोडा!" त्यांनी असं म्हटल्याशिवाय नानांचा पाय उचलत नसे. गाडी हलता हलता वहिनी पदर खोचून, दगड काखेत मारून केबिनमध्ये चढायच्या, कारण पुढच्या उतारावर तो लागायचाच. पांढऱ्या केसांची, नऊवारी नेसलेली क्लीनर मी तरी दुसरी पाहिली नाही.

पावसात तर दोघांची गंमत बघण्यासारखी. वायपरची मोटर गेलेली. वायपरला दोन दोऱ्या बांधलेल्या, एक नानांच्या खिडकीतून आत, एक वहिनींच्या. हे ओढणार, मग त्या ओढणार, मग हे. खोपोलीपर्यंत अशी काच पुसत जायचे. भांडण झालं की वहिनी दोरी सोडून द्यायच्या. गाडी रस्त्याच्या कडेला उभी दिसली की लोक ओळखायचे, आज यांचं काहीतरी बिनसलंय. थोड्या वेळानं वायपर पुन्हा हलायला लागायचा आणि गाडी निघायची.

तीन पावसाळ्यांमागं सुगंधावहिनी गेल्या. सकाळी छातीत कळ आली, नानांनी त्यांना ट्रकमधून खोपोलीला नेलं. दुपारी त्यांना घेऊन दवाखान्याची गाडी परत आली. मी त्या सकाळी घरातच पेपर वाचत होतो. गाडी सुरू झाल्याचा आवाज नेहमीसारखाच ऐकला. भाडं असेल म्हटलं.

दिवसकार्य झाल्यावर नाना ट्रक घरी घेऊन आले आणि उतारावर लावलाच नाही. खाली विहिरीपाशी, सपाटीला लावला. आम्हाला वाटलं, दुःखात आहेत, भान नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीकडून हाक आली, "धक्का रं!"

मी दाढी करत होतो. माझा कानावर विश्वास बसेना. काशीनाना, धक्का मागतात?

तेव्हापासून ते रोजचंच झालं. भाडं असो नसो, रोज सकाळी, बरोबर माझ्या ऑफिसला निघायच्या वेळी, "धक्का रं!" किराणा दुकानातला यशवंता यायचा, दूध घालणारा यायचा, ठाकूरवाडीतून मोळ्या विकायला उतरणाऱ्या बाया मोळी खाली ठेवून हात लावायच्या. मी इस्त्रीच्या शर्टात ट्रकच्या मागच्या लाल फाळक्याला टेकायचो आणि दिवसभर छातीवर त्याच्या रंगाचा पट्टा घेऊन ऑफिसात बसायचो. मनातल्या मनात मी नानांना बरंच काही बोललो. हाताशी उतार मोकळा पडलेला, त्यावर गवत वाढलेलं, आणि आम्ही इथं सपाटीवर मरतोय.

त्यात आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सुरुवातीला नाना वडाच्या झाडाशी क्लच सोडायचे. हळूहळू ते पुढं सरकलं. वडावरून देऊळ, देवळावरून शाळेचं फाटक. गाडीला केव्हाच वेग आलेला असायचा, पण नाना आपले आरशातून आमच्याकडं बघत बसलेले. "नाना, सोडा की क्लच!" यशवंता बोंबलायचा. "अजून जरा रं, अजून जरा!" आणि चालू झाली की लगेच जायचे नाहीत. खाली उतरून प्रत्येकाची चौकशी. दूधवाल्याची म्हैस, यशवंताचा गुडघा, माझी बदली. डाव्या सीटवर तो दगड मात्र तसाच असायचा. सपाटीला दगडाचं काय काम, हे विचारायचं माझ्याकडून राहून जायचं.

प्रकाश कामोठ्याला राहतो. आपले वडील या वयात रोज सकाळी गावाला हाका मारतात, हे त्याला कुणीतरी सांगितलं. मुलगा चांगला आहे, त्याला ते लागलं. कुर्ल्याच्या भंगार बाजारात हिंडून त्यानं त्या मॉडेलचा सेल्फ शोधून काढला, नवी बॅटरी घेतली, मेकॅनिकला सोबत आणून दोन्ही बसवलं. नाना ओट्यावर बसून बघत होते. चावी फिरवली आणि गाडी जागच्या जागी चालू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मीच वाजवल्या असतील.

जाताना प्रकाश मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुमचं घर शेजारीच आहे. पुन्हा कधी धक्का मागताना दिसले, तर मला फोन करा. ही शेवटची संधी. नाहीतर गाडी सरळ भंगारात देतो आणि त्यांना कामोठ्याला नेतो."

"नाना येणार नाहीत रे," मी म्हटलं.

"आणीन मी. असं दारोदार ओरडत बसण्यापेक्षा बरं."

त्यानंतर गाव शांत झालं. माझा शर्ट स्वच्छ राहायला लागला, ऑफिसला वेळेवर पोचायला लागलो. नाना सकाळी गाडीपाशी जायचे, पाणी ओतायचे, टायर वाजवायचे, चावी फिरवायचे. गाडी लगेच चालू. मग थोडा वेळ केबिनमध्ये बसून बंद करायचे आणि घरी यायचे. मोळीवाल्या बाया न थांबता पुढं जायच्या. त्यांना थांबायला कारणच नव्हतं. एकदा मी शेवग्यापलीकडून विचारलं, "काय नाना, सुख झालं ना?" तर म्हणाले, "झालं की." आणि आत गेले. त्या दिवसांत ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

आणि एके सकाळी पुन्हा हाक आली. "धक्का रं!"

मी तरातरा खाली गेलो. नाना एकटेच उभे होते. "सेल्फ बिघडला," माझ्याकडं न बघता म्हणाले. म्हटलं, नवाकोरा सेल्फ बिघडेल कसा? मी बॅटरीचं झाकण उचललं. वायर काढून व्यवस्थित बाजूला ठेवलेली होती, टोकाला स्वच्छ फडकं गुंडाळलेलं. मी ती जोडायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे, दिलीपभाऊ."

"नाना, प्रकाशला कळलं तर गाडी जाईल. तुम्हाला माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय."

मग ते केबिनच्या उघड्या दाराला टेकले आणि सीटवरच्या दगडाकडं बघत बोलायला लागले.

"त्या दिशी तिला हात धरून केबिनमदी बसवली. मी स्टेरिंगवर बसलो. ब्रेक दाबला, आन् मंग ध्यानात आलं, दगड कोन काडनार? तुमचं दार उघडं व्हतं, भाऊ. तुमी पेपर वाचत बसलेले मला केबिनमदनं दिसत व्हता. मी हाक मारायला तोंड उघडलं. आन् मिटलं. सगळा जलम बोललो ना, आपन कुनाला बोलवत नाय. ती म्हनली, काडते मी. आन् मी काडू दिला. ती खाली उतरली. छातीला हात लावून वाकली. दगड ओढला. निघाला, सोडा, म्हनली. रोजच्यावानी. मंग वर चडली आन् दगड मांडीवर घेऊन बसली. मी म्हनलं, टाक तो. तर म्हनली, खोपोलीत लागंल."

विहिरीवर कुणीतरी कळशी आपटली. नानांनी तिकडं पाहिलं.

"डागदर म्हनला, तिला चालवायलाबी नको व्हतं. एक हाक, भाऊ. एक हाक मारायची व्हती. म्हनून आता रोज मारतो."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. तेवढ्यात यशवंता आला, मागोमाग दूधवाला. "काय झालं? सेल्फ चालत नाय का?" यशवंतानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आणि हे प्रकाशला कळता कामा नये."

यशवंतानं नानांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. मोळीवाल्या बायांनी मोळ्या उतरवल्या. त्या दिवशी शाळेचं फाटक मागं पडलं तरी क्लच सुटला नाही आणि कुणीही बोंबललं नाही.

प्रकाशचा दर रविवारी फोन येतो. "काका, चालतोय ना सेल्फ?"

"एका चावीत," मी सांगतो.

"तुम्ही लक्ष ठेवता, फार बरं वाटतं."

ऑफिसला निघायच्या आधी मी आता एक जुना शर्ट घालून तयार असतो. चपला पायात असतात. इथून नाना दिसतात, टायर वाजवून झालेले, काठी बाजूला ठेवलेली. मी आधीच खाली जाऊन उभा राहू शकतो. पण जात नाही. दार उघडं ठेवून आत थांबतो. तोंडावर हात धरून ते हाक मारतात, ती पुरती होऊ देतो आणि मग शेवग्यापलीकडं, विहिरीपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं ओरडतो, "आलो, नाना!"